धक्क्यावरचं घर

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. पार्सल घेऊन येणारा मुलगा होता, बोलण्यावरून चंदगडकडचा वाटला. "मॅडम, तुमचं घर म्हणजे ते पुलाखालचं बेती न्हवं?" "हो, तेच," मी म्हटलं, "पूल उतरलास की डावीकडे वळ आणि सरळ खाली ये." थोड्या वेळानं तो आला, पाकीट दिलं, सही घेतली आणि गेला. पण कडी लावून आत आले तेव्हापासून चुलीवर काही तरी ठेवून विसरल्यासारखं वाटत राहिलं. रात्री भांडी विसळताना लक्षात आलं. पुलाखालचं बेती. आणि मी "हो, तेच" म्हणाले होते.

आमच्या घरात पत्ता सांगायची एकच रीत होती. बेती, धक्क्यावर. बेती म्हणजे पणजीसमोर, मांडवीच्या दुसऱ्या काठावरचं आमचं गाव, आणि धक्का म्हणजे फेरीबोटीचा. बाबांना येणाऱ्या पत्रांवर नावाखाली एवढंच असायचं आणि पत्र बिनचूक पोचायचं. तसं बघितलं तर आमच्या डोक्यावर पूल नाहीच. मांडवीवरचे तिन्ही पूल आमच्यापासून वरच्या अंगाला, मालीम जेटीच्या बाजूला उतरतात. दोन बाजूंना दोन जुने, आणि २०१९ साली दोघांच्या मधून, दोघांपेक्षा उंच असा तो अटल सेतू आला. अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की त्याच्या ताणलेल्या तारा दिसतात आणि गाड्यांची घरघर रात्रभर ऐकू येते, ओढ्यासारखी. पण त्यामुळे आम्ही 'खाली' कसे गेलो? त्या मुलाची काही चूक नाही. तो आला तेव्हा पूल होताच. त्याच्या नकाशात आधी पूल, मग आम्ही. आजोबांच्या काळात मात्र कुणी पणजीला निघालं, की आधी बेती यायचं आणि मग नदी.

आमच्याकडे नदीकाठाला दोन शब्द आहेत, आलतड आणि पलतड. आपण उभे आहोत ती आलतड, समोरची पलतड. आजी जन्मभर पणजीला पलतड म्हणत राहिली. "पलतडीच्या बाजारात आज कोबी स्वस्त," असं ती म्हणायची, तेव्हा ती राजधानीबद्दल बोलते आहे हे परक्याला कळलं नसतं. तिच्या हिशेबानं दुनियेचा मध्य आमच्या पायरीवर होता. पेडण्याहून, शिवोलीहून, म्हापशाहून जे कोण येईल त्यानं आधी इथे थांबायचं, घाम पुसायचा, पाणी मागायचं आणि मग पुढे जायचं. संध्याकाळी पणजीच्या इमाक्युलेट चर्चची घंटा पाण्यावरून यायची ती जवळच्याच देवळातली वाटावी इतकी स्पष्ट. घंटा झाली की आजी तुळशीपुढे दिवा लावायची. त्यात तिला कधी काही वेगळं वाटलं नाही.

पलीकडच्या काठाचं नशीब निराळं. पणजी ते रायबंदर हा मिठागरांतून जाणारा लांबच लांब बांध पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४ सालीच बांधून झाला. तीन किलोमीटरांहून अधिक अंतर माणूस चिखलात पाय न घालता जाऊ लागला. १८४३ साली राजधानी पणजीला आली आणि ते गाव बघता बघता शहर झालं. पण आमच्या बाजूनं त्या शहरात शिरायचं तर पाणी ओलांडायलाच हवं होतं, आणि ते तसंच राहिलं १९७० पर्यंत. म्हणजे त्या बांधानंतर तीनशे छत्तीस वर्षं. एवढ्या काळात आमच्या बाजूच्या बार्देश तालुक्यातला प्रत्येक माणूस, खटल्याला जाणारा, लग्नाचा बस्ता आणायला निघालेला, नोकरीसाठी अर्ज खिशात घातलेला, एकदा तरी आमच्या काठावर उभा राहून पलीकडे बघत बसला असेल. नदीनं मोठमोठ्यांनाही थांबवलंय. १५१० साली पोर्तुगीजांच्या आल्बुकेर्कनं गोवं जिंकलं, आदिलशहाच्या फौजेनं त्याला मे महिन्यात हाकललं आणि तो जहाजांवर चढला, तेवढ्यात पाऊस लागला. मांडवीचं मुख पावसाळ्यात बंद. सगळा आषाढ-श्रावण त्याचं आरमार इथेच, दोन काठांच्या मध्ये अडकून पडलं. खायला नाही, किनाऱ्यावरून तोफांचा मारा, शेवटी उंदीर आणि कातडी शिजवून खायची पाळी आली. शाळेत हा धडा झाला तेव्हा मला त्या फिरंग्यांची कीव आली होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आजोबा तारी होते. म्हणजे आमची स्वतःची होडी होती आणि तिच्यावर घर चालत होतं. पुढे गाझोलीन आली. मोटरवर चालणाऱ्या लाँचला आमच्याकडे सगळे गाझोलीनच म्हणायचे. तिच्या वासाला सुद्धा तेच नाव होतं. म्हापशाहून येणारी कारेर, म्हणजे बस, धक्क्याजवळ रिकामी व्हायची आणि माणसं गाझोलीनकडे धावायची. ज्यांची ती चुकायची, ते आजोबांचे. आग्वादच्या तुरुंगात ज्यांची माणसं होती त्या बायका पलतडीहून सकाळी यायच्या, फडक्यात बांधलेला डबा छातीशी धरून. पुढची वाट पायी. परतताना त्या होडीत एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि आजोबा त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे आजीनं सांगितलेलं. आजोबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. १९६१ च्या १८ डिसेंबरला संध्याकाळी भारतीय फौज बेतीला पोचली, शीख लाइट इन्फंट्रीचे जवान आणि रणगाडे, आणि रात्र त्यांनी आमच्याच काठावर काढली. समोर पणजी काळोखात. मामा म्हणतो की आजोबा त्या रात्री होडी तयार ठेवून बसले होते. आजी म्हणायची की ते भाताच्या कणगीमागे पोरांना घेऊन बसले होते आणि तिनं फटीतून उंच पगडीवाले बघितले. सकाळी सैन्य पार झालं. दोन्ही गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्यात की कुठलीही एक सोडवत नाही.

थांबणं, हाच आमच्या गावचा धंदा होता.

आजोबांनंतर बाबांनी होडी विकून धक्क्यावर चहाचं हॉटेल टाकलं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, काचेच्या कपाटात मिरची भजी आणि बन, पातळ भाजीचा टोप. पाव पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन वेळा यायचे. पण बाबांचा मुहूर्त चुकला. ते हॉटेल पुरतं बसायच्या आधी नदीवर पूल झाला. १९७०. पहिला पूल. उद्घाटनाला गेलेली माणसं चालत पलीकडे गेली आणि चालत परत आली, केवळ चालता येतं म्हणून. बाबाही गेले होते. त्यानंतर म्हापशाची बस आमच्या दारात रिकामी होईना. ती वरून सरळ निघून जायची. फेरीबोट चालू राहिली, पण तिच्यात वेऱ्यातल्या मासळीवाल्या, पलतडीच्या शाळेत जाणारी चार पोरं आणि पुलापर्यंतचा चढ नको असलेले म्हातारे. बाबांनी दोन वेळचे पाव एका वेळचे केले. मग बाकड्यांपैकी एक घरात आलं. मी त्याच बाकड्यावर बसून बाराखडी गिरवली.

तरी पुलाला वाईट म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. १९७४ च्या पावसाळ्यात, मध्यरात्री, आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अवकाश होता. गोवा मेडिकल तेव्हा पणजीतच होतं, नदीकाठी. शेजाऱ्याची टॅक्सी काढली आणि पुलावरून दहा-पंधरा मिनिटांत ते तिथे होते. भाऊ सातव्या महिन्यात झाला आणि जगला. आजी म्हणायची, असंच एक तिचंही होतं, वीस वर्षांपूर्वी, रात्री फेरी नव्हती, वादळ होतं आणि होडी घालायला आजोबा तयार होते पण नदी तयार नव्हती. त्या मुलाला नाव नव्हतं. ती एवढंच सांगून गप्प व्हायची आणि भावाच्या डोक्यावरून हात फिरवायची. त्यामुळे बाबांनी एकच बाकडं उरलेल्या हॉटेलात बसून पुलाकडे कुठल्या नजरेनं बघावं हे त्यांना कधीच नीट ठरवता आलं नाही. मलाही येत नाही.

मग १९८६ चा जुलै. पाच तारीख, शनिवार. पूल पडला.

मला त्या दिवसातलं सगळ्यांत जास्त काय आठवतं, तर शांतता. जन्मापासून कानात असलेली वरची घरघर थांबली होती आणि पागोळ्यांचा, बेडकांचा आवाज एकदम मोठा झाला होता. लोक पावसात छत्र्या घेऊन नदीकाठी उभे. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सोळा वर्षांचा पूल. आतल्या पोलादी तारा खाऱ्या हवेनं गंजून गेल्या होत्या हे पुढे वाचलं. त्या दिवशी एवढंच दिसत होतं, की जिथे रस्ता होता तिथे आभाळ आहे. आमच्या शेजारची म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "न्हंयेन आपलें परत घेतलें." नदीनं आपलं ते परत घेतलं. आई रडत होती. ती ज्या रस्त्यानं त्या रात्री गेली होती, तोच तर होता. बाबा काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि अंगणातून, पावसात, ते बाकडं खांद्यावर घेऊन हॉटेलकडे गेले.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत आमचं गाव ओळखू येईनासं झालं. फेऱ्या वाढल्या, इतर धक्क्यांवरच्या बोटी इथे आल्या, तरी रांग हटेना. मोटारी, टेम्पो, भाजीचे ट्रक, स्कूटरी, दुधाचे कॅन, कचेरीत जाणारी माणसं पायजमे गुडघ्यापर्यंत वर करून. ज्यांना फेरी टाळायची होती त्यांना डिचोली, साखळी, फोंडा असा उलटा वळसा घालून जुन्या गोव्यावरून पणजी गाठावी लागायची. लोखंडी फळी धक्क्यावर आपटल्याचा खणखणाट, साखळी ओढल्याचा आवाज, डिझेल आणि ओल्या कपड्यांचा वास, बांगड्यांची पाटी आणि तिच्याशेजारी उभा वकील, काळा कोट हातावर टाकून. बाबांनी दोन बाकड्यांची सहा केली. पहाटे चारला चूल पेटायची. फेरी नदीच्या मध्यावर आली, की कठड्याशी दिसणारी डोकी बघून बाबा आत सांगायचे, "बारा." किंवा "वीस." तेवढे पेले मांडून ठेवायचे. फळी पडायची, माणसं चढून वर यायची, आणि चहा ओतलेला तयार. बाबांचा अंदाज फारसा चुकत नसे. मी शाळेत जाण्यापूर्वी पेले धुवायची, आल्यावर भजीचं पीठ कालवायची. माझ्या हातांना कायम ओव्याचा वास असायचा.

घरावर कौलं नवी आली. मला कॉलेजात घातलं, मिरामारला, आणि तीन वर्षं मी त्याच फेरीनं गेले आले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. फी भरताना बाबांनी दिलेल्या नोटांना चहाचे डाग असायचे. पहिल्या वर्षी ऑगस्टमधली एक सकाळ मी विसरू शकत नाही. फेरीच्या रांगेत, आमच्या हॉटेलच्या अगदी समोर, एक रुग्णवाहिका उभी होती. आधीची बोट नुकतीच सुटली होती. मागचं दार उघडं ठेवलं होतं, हवा यावी म्हणून, आणि आत एक बाई आडवी, तिच्या पोटावर चादर, सोबतची सासू तिचा पाय चोळत होती. बोट जाऊन परत यायला अर्धा तास सहज लागायचा. बाई ओरडत नव्हती, ओठ चावत होती. त्या अर्ध्या तासात आमच्याकडे चाळीस चहा गेले असतील. रांग जेवढी लांब, तेवढा गल्ला. आई चुलीपुढून उठली, गरम पाण्याची बाटली घेऊन गेली आणि फेरी येईपर्यंत त्या बाईचा हात धरून उभी राहिली. परत आल्यावर तिनं गल्ल्याकडे बघितलंही नाही. रात्री ती बाबांना म्हणाली, "हे पैसे मला नकोत." बाबा म्हणाले, "फी कशातून भरू?" दोघंही त्यानंतर बराच वेळ जागे होते. मधल्या दारापलीकडे मीही.

त्या बाईचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मी तिच्याबद्दल जितका विचार केला तितका माझ्या कुठल्याही मैत्रिणीबद्दल केला नसेल. बाबांचा दोष नव्हता, पूल काही त्यांनी पाडला नव्हता, हे मला कळतं. तरी त्या सहा वर्षांत आमच्या ताटात जे पडलं ते दुसऱ्यांच्या खोळंब्यातून आलं होतं, आणि ती सहा वर्षं आमच्या घरातली सगळ्यांत सुखाची होती. दोन्ही खरं. आजीच्या नाव नसलेल्या मुलासारखंच हेही आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण जेवायला बसलो की मधूनच तिथे असतं.

१९९२ ला नवा पूल झाला. हॉटेल लगेच बंद झालं नाही. बाबा पाच-सहा वर्षं रेटत राहिले, १९९८ ला त्याच्या शेजारी दुसराही उभा राहिला तेव्हा मात्र पत्रे उतरवले. भावाला नोकरी लागली होती, मला लागली होती, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण बाबांचं काय गेलं ते पैशात मोजता येणार नाही. माणसं त्यांना तोंडावरून ओळखायची, पण ते माणसांना पायांवरून ओळखायचे. शेवटच्या आजारपणात ते सहा महिने अंथरुणावर होते, खिडकीतून नदी दिसत नव्हती. फेरी लागली, साखळी खणखणली, फळीवर पावलं वाजली, की ते डोळे मिटूनच आकडा सांगायचे. "आठ." "पाच." एकदा म्हणाले, "तीन, एक बाईमाणूस, चप्पल तुटलेली." मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच होतं.

फेरी अजून चालते. पायी जाणाऱ्याला भाडं नाही. नदी परिवहन खात्याचं कार्यालय आणि कार्यशाळा आमच्या बेतीतच आहे, त्यामुळे गोव्याच्या कुठल्या कुठल्या धक्क्यांवरच्या बोटी म्हाताऱ्या माणसांसारख्या दुरुस्तीला इथे येऊन पडतात. पोटाखालचे शिंपले खरवडून घेतात, रंग लावून घेतात आणि परत जातात. खनिजाच्या बार्जी २०१२ साली थांबल्या तेव्हा नदी रुंद झाल्यासारखी वाटली. लहानपणी त्या मोजत झोप यायची. आता समोर कॅसिनोची जहाजं नांगरून असतात. रात्री त्यांच्या दिव्यांनी पाणी जांभळं, हिरवं होतं आणि आमच्या भिंतीवर ते रंग हलत राहतात. मला ते आवडत नाहीत, हे सांगून टाकते. पण त्यांच्यावर कामाला जाणारी पोरं, काळी पँट, पांढरा शर्ट, डोळ्यांत झोप, तीसुद्धा धक्क्यावर थांबलेली असतात. थांबलेल्या माणसाला बघून अजून माझा हात आपसूक चहाच्या भांड्याकडे जातो.

परवा परत पार्सल होतं. तोच मुलगा. "पुलाखाली ना मॅडम?" ह्या वेळी मी म्हटलं, "धक्क्यावर ये." "कुठला धक्का?" "फेरीचा. गाडी तिथेच लाव, मी येते." साडीवरच ओढणी घेऊन मी उतरले. तो आधीच आला होता, नदीकडे पाठ करून मोबाईल बघत. पाकीट हातात देताना त्यानं पहिल्यांदा वळून बघितलं. "ही बोट कुठं जाती?" "पणजीला." "गाडी घेऊन?" "गाडी घेऊन." समोर बोट नदीच्या मध्यावर होती, आमच्याकडे येत. तो क्षणभर बघत उभा राहिला. मला वाटलं, थांबेल. मग त्यानं वेळ बघितली. "अजून अकरा पार्सलं हायत. पुलावरनं लवकर जाईन," म्हणाला आणि स्कूटर वळवून चढावरून दिसेनासा झाला. बरोबरच होतं त्याचं.

बोट जवळ आली. खलाशानं साखळी सोडली, फळी धक्क्यावर आपटली. पुढे दोन स्कूटरी, त्यांच्या मागून डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली मासळीवाली, दप्तर लावलेली एक मुलगी, कॅसिनोवरून सुटलेली दोन पोरं, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत एक म्हातारा, कुणाची घाई नसलेला.

सात.